महाग यंत्रे, स्वस्त हात

ज्या घरात गाणे आहे त्या घरात तंबोरा कसा ठेवतात, हे एकदा पाहावे. त्याला गवसणी असते. कोणाचा धक्का लागणार नाही असा कोपरा त्याच्यासाठी राखलेला असतो. भोपळ्याला ठेच लागता कामा नये, हे त्या घरातल्या लहान पोरालासुद्धा ठाऊक असते. आणि चुकून पाय लागलाच, तर मोठी माणसेही वाकून नमस्कार करतात. आता त्याच घरात, त्याच भिंतीशी, तंबोऱ्याच्या दसपट किमतीचे ध्वनियंत्र येते. आठ दिवसांच्या आत त्याच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीत पाणी, अशी आरास उभी राहते. अँप्लिफायरच्या वरच्या अंगाला ज्या बारीक फटी असतात त्या आतली उष्णता बाहेर पडावी म्हणून असतात. रुमाल नेमका त्या फटींवर पसरलेला असतो. आणि फुलदाणी कलंडून पाणी एकदा आत गेले म्हणजे काय होते, हे सांगायला विजेचे शास्त्र शिकलेला माणूस लागत नाही.

अशा प्रकारांना आपण 'दुर्लक्ष' असे सोज्वळ नाव देतो आणि हसून सोडून देतो. मला ते नाव मान्य नाही. ज्याच्याकडे लक्ष असते त्याच्याकडेच कधीमधी दुर्लक्ष होते. येथे लक्ष मुळातच नसते. आपण ध्वनियंत्र विकत घेतो ते डोळ्यांसाठी. दिवाणखान्यात ते शोभावे, आल्यागेल्याने त्याची किंमत विचारावी, आणि आपण ती थोडी कमी करून सांगावी, एवढ्यासाठी. कान ह्या व्यवहारात कोठे येतच नाहीत. आणि ज्या वस्तूशी कानाचा संबंध नाही, ती वस्तू हाताळताना हाताला तरी शहाणपण कोठून येणार?

उदाहरणे देतो, ती कोणत्याही सुखवस्तू घरात सापडतील. तबकड्यांचे दिवस गेले असे म्हणता म्हणता त्या परत आल्या आहेत, आणि हौशी मंडळी पुन्हा टर्नटेबल घेऊ लागली आहेत. ह्या यंत्राचा सारा प्राण एका सुईत असतो. सुई म्हणजे केसाच्या जाडीहूनही बारीक टोकाचा हिरा. घरातल्या बांगडीतला हिरा आपण बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. हा हिरा मात्र धूळ पुसण्याच्या फडक्याखाली उघडा सोडतो. फडक्याचा एक धागा अडकला की ज्या नाजूक दांडीवर हिरा बसवलेला असतो ती दांडी मोडते, आणि काही हजार रुपये, भारी यंत्र असेल तर काही दहा हजार रुपये, केरात जातात. सुई साफ करायची ती मऊ कुंचल्याने, मागून पुढे, म्हणजे तबकडी ज्या दिशेने सुईखालून सरकते त्या दिशेने. बोटाने तर कधीच नाही. एवढे एक वाक्य ठाऊक नसावे, आणि यंत्राची किंमत मात्र शेवटच्या रुपयापर्यंत पाठ असावी, ह्याला काय म्हणावे?

ह्याच सुईच्या वजनाची एक वेगळीच कथा आहे. आजच्या बहुतेक सुया तबकडीवर साधारणतः दीड ते अडीच ग्रॅम भार टाकतात. नेमका किती टाकावा ते बनवणाऱ्याने पुस्तिकेत छापलेले असते, आणि पुस्तिका रद्दीत गेलेली असते. मग तबकडी एके ठिकाणी अडली किंवा सुई उडी मारू लागली, की आपले गृहस्थ सुईच्या डोक्यावर रुपयाचे नाणे चिकटवतात. नाणे तीनचार ग्रॅमचे. म्हणजे सुईच्या डोक्यावर एका क्षणात दुप्पटतिप्पट ओझे. सुई उडायची थांबते आणि नांगर चालू होतो. उलट काही अतिशहाणे भार कमी करतात, 'तेवढीच झीज कमी' म्हणून. तेही चूकच. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही. ती खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि भारी सुईइतकीच नासाडी करते. खाच कातरली म्हणजे कातरली. तिला कोणी कल्हई लावून देत नाही.

जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचे हाल ह्याहून वाईट आहेत, आणि माझा खरा राग तेथे आहे. ह्या तबकड्या लाखेच्या. लाख आपल्याच देशातली, आणि १९०८ पासून त्या तबकड्या कलकत्त्याला सियालदहच्या कारखान्यात छापल्याही जात. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, ती पोलादी सुईला घासून खाचेच्या आकाराची करण्यासाठी. म्हणूनच एका बाजूला एक सुई, मग ती फेकून द्यायची, असा दंडक होता. आपल्या आजोबा-पणजोबांना तो उधळेपणा वाटे. त्यांनी एकेका सुईवर महिनामहिना काढला; दोन पैशांच्या सुया वाचवल्या आणि त्या झिजलेल्या, धारदार सुयांनी घरातली उत्तमोत्तम गाणी खरवडून टाकली. आज जुन्या बाजारात अशा तबकड्या हाती येतात. नाव मोठे असते, रागाचे नाव वाचून जीव सुपाएवढा होतो, आणि लावावी तर गाण्याऐवजी कढईत मोहरी तडतडते.

पणजोबांना निदान गरिबीची सबब होती. त्यांच्या पणतवाला तीही नाही. तो लाखभराच्या टर्नटेबलावर हीच लाखेची तबकडी ठेवतो आणि तिच्यावर एल.पी.ची सुई सोडतो. एल.पी.ची खाच अरुंद, तिच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे. अठ्ठ्याहत्तरच्या रुंद खाचेला त्याच्या तिपटीहून अधिक जाड टोक लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, साचलेल्या धुळीत लोळत जाते. आवाज घाणेरडा येतो. मग 'जुने ध्वनिमुद्रणच वाईट' असा निवाडा देऊन तबकडी स्वच्छ करायला घेतली जाते, आणि ती कशाने, तर स्पिरिटने! लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कोणत्याही सुताराला हे विचारा; तो रोज तेच मिश्रण करीत असतो. सुताराला जे कळते ते संगीतप्रेमी म्हणवणाऱ्याला कळू नये, ह्यात यंत्राचा काय दोष?

आता तारांकडे या. स्पीकरच्या मागे दोन जोड असतात, एक लाल आणि एक काळा. दोन्ही स्पीकरांना तारा एकसारख्याच जोडायच्या असतात. एकाला सुलट आणि दुसऱ्याला उलट जोडल्या, की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचे ध्वनी एकमेकांना खाऊन टाकतात. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, तंबोऱ्याचा खर्ज विरून जातो, आणि गाणारा समोर बसला आहे असे वाटण्याऐवजी त्याचा आवाज खोलीभर भटकत राहतो. ह्यात काही जळत नाही, काही मोडत नाही. म्हणूनच ही चूक मला सर्वांत बोलकी वाटते. मालक पाच-पाच, दहा-दहा वर्षे तसेच ऐकत बसतो आणि त्याला काही खटकत नाही! यंत्र बंद करून एका स्पीकरच्या तारा अदलाबदल करून पाहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे त्याला दहा वर्षांत सापडत नाहीत, कारण डग्गा हरवला आहे हेच त्याच्या कानावर येत नाही.

जळण्याची गोष्ट वेगळी. साखरपुडा असतो, वाढदिवस असतो, मंडळी जमतात आणि कोणी तरी हौशी पाहुणा आवाजाचा खुंटा शेवटपर्यंत पिळतो. 'अँप्लिफायर लहान आहे, स्पीकर मोठा आहे, काय होणार?' असे वर म्हणतो. होते ते नेमके उलटे. लहान अँप्लिफायरला झेपेनासे झाले की तो आवाजाच्या लाटांचे शेंडे छाटू लागतो. छाटलेल्या लाटेत कर्कश, वरच्या पट्टीच्या ध्वनींचा भरणा वाढतो आणि तो सारा भार ट्वीटरवर, म्हणजे स्पीकरमधल्या सर्वांत नाजूक अवयवावर जाऊन पडतो. त्याच्या वेटोळ्याची तार केसासारखी, ती जळते. मोठ्या ताकदीच्या अँप्लिफायरने संयमाने वाजवलेला स्पीकर वाचतो, आणि लहान अँप्लिफायरने ओरडायला लावलेला मरतो. बैलाच्या ताकदीबाहेरचे ओझे गाडीत भरू नये, एवढेच हे शहाणपण आहे; पण ते आपल्याला गाडीपुरतेच सुचते.

आणखी एक प्रकार परदेशी यंत्रांचा. न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला असलेला मुलगा किंवा पुतण्या येताना बाबांसाठी, काकांसाठी तिकडचे यंत्र घेऊन येतो. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. यंत्राच्या पाठीवरच्या पाटीवर हे लिहिलेले असते. पण पाटी वाचण्याआधी पिन भिंतीत गेलेली असते, आणि मग जळका वास सुटतो. जे शहाणे ट्रान्सफॉर्मर लावतात तेही अनेकदा अर्धेच शहाणे ठरतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो. विजेची कंपनसंख्या बदलत नाही. तिकडे ती सेकंदाला ६० असते, आपल्याकडे ५०. ज्या टर्नटेबलांची मोटर ह्या कंपनांच्या तालावर फिरते ती येथे सहापैकी पाचच पावले टाकते. तबकडी सावकाश फिरते आणि गाणारा सुमारे तीन स्वरांतरे खाली उतरतो. काळी चारमध्ये गाणारी बाई जवळजवळ पांढरी चारमध्ये गाऊ लागते. द्रुत चीज मध्य लयीत येते, आवाजाला अवेळी म्हातारपण येते. आणि ऐकणारे माना डोलावून म्हणतात, 'जुन्या लोकांच्या गाण्यात काय भारदस्तपणा होता!' अशा रसिकतेपुढे हात जोडावेत.

आता ह्या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट न चुकता घडते. सुई मोडली, ट्वीटरचा घुमट आत दबला, किंवा तार निसटली, की अपराधी कोण हे घरात आधीच ठरलेले असते. घरकामाला येणारी बाई, नाही तर लहान मूल. विशेषतः दिवाळीच्या साफसफाईत. त्या बाईला 'जरा नीट पूस' एवढेच सांगितलेले असते. त्या काळ्या नळीच्या टोकाशी हिरा आहे, स्पीकरच्या तोंडावरचा तो लहानसा घुमट बोट लावायचा नाही, हे तिला कोणी कधी दाखवलेले नसते. यंत्रावरचे झाकण मालकाने उघडे टाकलेले असते, स्पीकरची जाळी 'उघडा छान दिसतो' म्हणून मालकानेच काढून ठेवलेली असते. आणि तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी किंमत असलेली सुई मोडली, की आवाज तिच्यावर चढतो. पगारातून पैसे कापण्याची भाषा होते. कधी कधी ते कापलेही जातात. शीर्षकात मी ज्या स्वस्त हातांचा उल्लेख केला आहे ते तिचे हात नव्हेत. ज्याने लाखाची वस्तू घेतली आणि ती समजून घेण्यासाठी एक दुपार खर्च केली नाही, आपल्याला ठाऊक नाही ते दुसऱ्याने जाणावे अशी अपेक्षा केली, आणि नुकसानीचा दोष घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या पदरात घातला, ते हात स्वस्त.

ह्यावर ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले असे : 'यंत्र माझे, पैसा माझा, मी ते मोडीन नाही तर तोडीन.' यंत्र खुशाल तुमचे. त्यावर वाजणारे गाणे मात्र सर्वस्वी तुमचे नाही. अल्लादियाखाँ १९४६ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे उरलेली नाही. जे उरले ते शिष्यांच्या गळ्यांत, आणि त्या शिष्यांपैकी केसरबाईंसारख्यांच्या मोजक्या तबकड्यांत. अशी तबकडी तुमच्या कपाटात असेल, तर तुम्ही तिचे मालक कमी आणि राखणदार अधिक आहात. राखणदाराने चोरी केली तर आपण त्याला 'वस्तू त्याच्याच ताब्यात होती' म्हणून सोडतो काय?

दुसरे उत्तर : 'एवढी महाग वस्तू, मग तिने थोडे सोसायला नको?' हा सवाल मोठा साळसूद वाटतो आणि मोठमोठ्यांना पटतो. त्यांनी सोनाराचा काटा आणि वखारीचा काटा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. वखारीच्या काट्यावर लाकडाचा ओंडका आपटला तरी चालतो. सोनाराच्या काट्यावर फुंकर पडली तरी तो हलतो. सोनाराचा काटा महाग आहे तो फुंकर ओळखतो म्हणून. चांगले यंत्र सुरांतली बारीक हालचाल ऐकवते, ती ऐकवता यावी म्हणूनच ते नाजूक घडवलेले असते. तुम्हाला सोसणारे यंत्र हवे असेल, तर चौपाटीवरचा कर्णा घ्या. तो स्वस्तही मिळेल.

तिसरे उत्तर आजच्या काळाचे : 'आता सगळे फोनवर मिळते; तबकड्या आणि सुया हव्यात कशाला?' फोनवर जे जुने गाणे मिळते ते आकाशातून पडलेले नाही. कोणी तरी, कोठे तरी, एक तबकडी जपली, योग्य सुईने वाजवली आणि तिचा आवाज उतरवून घेतला, म्हणून ते मिळते. ज्या तबकड्या कोणीच जपल्या नाहीत त्या फोनवर नाहीत. आणि त्या नाहीत हे फोन तुम्हाला सांगत नाही.

चौथे उत्तर मात्र मला विचार करण्याजोगे वाटते. 'घर आहे हे, वस्तुसंग्रहालय नव्हे. घरात मुले असणार, माणसे वावरणार.' अगदी खरे. यंत्राला देव्हाऱ्यात बसवून, वर चादर घालून, महिनोन्‌महिने न वाजवणारे महाभाग मी विसरलेलो नाही. तेही कानाचे वैरीच. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्राचे आतले भाग पडूनपडून बिघडतात. न वाजवता ठेवलेल्या तबकड्यांच्या वेष्टनांना पावसाळ्यात बुरशी चढते, आणि एकावर एक रचलेल्या तबकड्या आपल्याच ओझ्याने बिघडतात. तेव्हा मुलाला 'हात लावू नकोस' म्हणून हाकलणे हा उपाय नव्हे. त्याला जवळ बसवा. तबकडी कडेने कशी धरायची, सुई हाताने न टेकवता लहानशा दांडीने अलगद कशी उतरवायची, यंत्र सुरू करताना अँप्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी का, हे त्याच्या हाताने करून घ्या. तंबोऱ्याची गवसणी काढायला जे मूल शिकते, ते हेही शिकेल.

हे सारे किती गंभीरपणे घ्यायचे असते, ह्याचा दाखला आपल्याच मातीतल्या एका आवाजाशी जोडलेला आहे. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि तिच्यावर पृथ्वीवरच्या निवडक संगीतात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. पहिले यान २०१२ साली आणि दुसरे २०१८ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. ज्यांनी ती तबकडी पाठवली त्यांनी नुसती तबकडी पाठवून हात झटकले नाहीत. सोबत सुई ठेवली. झाकणावर आकृती कोरली : सुई कोठे टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची. एका फेरीला ३.६ सेकंद. ज्यांना आपली भाषा येत नाही, ज्यांना कान आहेत की नाहीत हेही कोणी सांगू शकत नाही, अशा कोणा परक्यासाठी त्यांनी ही पुस्तिका कोरून ठेवली.

आपल्याकडची पुस्तिका, तीही आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेत छापलेली, खोक्याबरोबर रद्दीवाल्याकडे जाते.

म्हणून ह्या दिवाळीत जे कोणी नवे ध्वनियंत्र घरी आणणार असतील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. दुकानदार पैसे मोजून घेत असताना त्याला पाच प्रश्न विचारा : ह्याला वारा लागण्यासाठी किती जागा सोडू, वीज कोणती लागते, सुईचा भार किती आणि ती किती तासांनी बदलू, लाखेच्या तबकड्यांसाठी वेगळी सुई मिळते काय, आणि हे साफ कसे करू. उत्तरे देता आली नाहीत तर दुसऱ्या दुकानात जा. घरी आल्यावर पुस्तिका वाचा. झाकण लावा. फुलदाणीला दुसरी जागा शोधा. आणि साफसफाईला फडके देण्यापूर्वी, ज्या बाईच्या हाती ते देणार तिला यंत्राजवळ बोलवा, सुई दाखवा, एखादी तबकडी लावून दोन मिनिटे ऐकवा आणि सांगा, की हे मी पुसत जाईन, ह्याला तुम्ही हात लावू नका. मग वर्षभरात काही मोडलेच, तर ते कोणी मोडले हे शोधत घरभर फिरावे लागणार नाही.